पर्यटन एजंटचा जोडधंदा : कमिशन हजारात, जबाबदारी लाखात

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की, प्रत्येक गृहसंकुलात एका विशिष्ट दारावरची बेल वारंवार वाजू लागते. डोंबिवली असो, कोथरूड असो की नाशिकचे गंगापूर रोड, 'बुकिंग करून देणारे' एक काका किंवा एक वहिनी तिथे असतातच. कुणी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, कुणी मुले मोठी झाल्यावर हाताशी वेळ उरलेल्या गृहिणी, तर कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम करणारे. दुकान नाही, पाटी नाही, नोकर नाही. एक संगणक, एक फोन आणि ओळखीपाळखी एवढ्या भांडवलावर चालणारा हा व्यवसाय आहे.

प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर रेल्वेचे, विमानाचे, हॉटेलचे आरक्षण होत असताना या मंडळींकडे लोक का जातात, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास या जोडधंद्यात पैसा नेमका कुठे आहे आणि धोका कुठे, हेही कळते. कारण 'घरबसल्या जादा उत्पन्न' अशा शब्दांत ज्याची जाहिरात होते, त्या कामात एजंटाच्या पदरात पडणारी रक्कम सहसा काही शेकड्यांत असते, आणि त्याच्या हातात सोपवलेली लोकांची रक्कम मात्र काही लाखांत.

कमिशनचा आटलेला झरा

एके काळी विमानाचे तिकीट विकणे हाच या धंद्याचा कणा होता. तिकिटाच्या मूळ भाड्यावर विमान कंपनी ठरावीक टक्केवारी देई. ही टक्केवारी हळूहळू घटत गेली आणि २००८ च्या अखेरीस देशातील प्रमुख विमान कंपन्यांनी उरलेले ५ टक्के मूळ कमिशनही बंद केले. तोपर्यंत स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या होत्या. २००३ मध्ये आलेल्या एअर डेक्कनने मध्यमवर्गीय प्रवाशाला विमानात बसवले, पण त्याच वेळी तिकीट थेट इंटरनेटवर घेण्याची सवयही लावली. पाठोपाठ ऑनलाइन प्रवास कंपन्या आल्या. एजंटाकडे उरले ते प्रवाशाकडून घ्यायचे सेवाशुल्क, आणि मोठी विक्री करणाऱ्यांसाठी कंपनीकडून मिळणारे प्रोत्साहनपर लाभ. दुसरी गोष्ट घरून काम करणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची, म्हणजे 'आयाटा'ची मान्यता मिळवायची तर आर्थिक हमी द्यावी लागते, हिशेब ठरल्या दिवशी चुकता करावा लागतो. जोडधंदा म्हणून हे परवडत नाही. त्यामुळे घरगुती एजंट बहुधा एखाद्या घाऊक विक्रेत्याचा उपएजंट होतो. घाऊक विक्रेत्याच्या पोर्टलवर खाते उघडायचे, 'वॉलेट'मध्ये आधी पैसे भरायचे आणि त्यातून तिकिटे काढायची, अशी ही पद्धत. यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. वॉलेटमधील रक्कम ही बँकेतील ठेव नव्हे. पोर्टल चालवणारी कंपनी अडचणीत आली तर ती रक्कम परत मिळवण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. ही रक्कम तीन-चार दिवसांच्या विक्रीपुरतीच ठेवावी. 'अमुक रक्कम भरा आणि जादा सवलत मिळवा' या आमिषाला बळी पडून एकदम मोठा भरणा करणे टाळलेले बरे.

रेल्वे : नियम जाचक, मोबदला माफक

मराठी कुटुंबाच्या प्रवासाचा विचार रेल्वेपासून सुरू होतो, म्हणून नवा एजंटही पहिल्यांदा आयआरसीटीसीकडे वळतो. आयआरसीटीसी थेट नव्हे, तर तिने नेमलेल्या प्रमुख सेवा पुरवठादारांमार्फत किरकोळ एजंटांना अधिकृत ओळखपत्र आणि लॉगिन देते. अधिकृत एजंटाने प्रवाशाकडून घ्यायचे शुल्क ठरवून दिलेले आहे. शयनयान व द्वितीय श्रेणी आसनासाठी प्रति तिकीट २० रुपये आणि वातानुकूलित वर्गासाठी ४० रुपये, अधिक कर. तिकिटावर प्रवासी एक असो की सहा, शुल्क तेवढेच.

हिशेब करून पाहू. समजा, महिन्याला शयनयानाची ३० आणि वातानुकूलित वर्गाची २० तिकिटे काढली. मिळकत होते ६०० अधिक ८००, म्हणजे १,४०० रुपये. त्यातून पुरवठादाराचे वार्षिक शुल्क, इंटरनेट, कागद-शाई आणि रद्द तिकिटांच्या परताव्यासाठी केलेले फोन वजा करा. वीज बिल सुटले तरी पुष्कळ!

त्यातही जेव्हा मागणी सर्वाधिक असते, तेव्हा एजंटाचे हात बांधलेले असतात. जुलै २०२५ पासून तात्काळ आरक्षण सुरू झाल्यावर पहिली ३० मिनिटे अधिकृत एजंटांना तिकीट काढता येत नाही. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ते १०.३०, इतर वर्गांसाठी ११ ते ११.३०. गर्दीच्या गाड्यांची तात्काळ तिकिटे त्या अर्ध्या तासात संपलेली असतात. आगाऊ आरक्षणाची मुदतही नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. 'तात्काळ शंभर टक्के मिळवून देतो' असे सांगणारा एजंट म्हणूनच संशयास्पद समजावा.

मग अधिकृत लॉगिनची कटकट कशाला, स्वतःच्याच वैयक्तिक खात्यावरून शेजाऱ्यांची तिकिटे काढू आणि वर शंभर-दोनशे रुपये घेऊ, असा सोपा विचार अनेक जण करतात. नेमका हाच गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ नुसार परवानगीशिवाय तिकिटे मिळवून पुरवण्याचा व्यवसाय केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम इंटरनेटपूर्व काळातले असल्याने ई-तिकिटांना लागू नाही, असा युक्तिवाद केला जात असे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नातेवाइकांची किंवा मित्रांची तिकिटे वैयक्तिक खात्यावरून विनामोबदला काढण्यास हरकत नाही. आधार जोडलेल्या खात्यावर महिन्याला २४ तिकिटांपर्यंत मुभा आहे. पण पैसे घेतले की मदतीचा धंदा होतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या कारवाईत सापडणारे सगळेच सराईत दलाल नसतात. 'थोडा चहापाण्याचा खर्च निघतो' म्हणून हे करणारेही त्यात असतात.

लोक पैसे कशाचे देतात?

तिकिटाचे नव्हे, हे आता स्पष्ट झाले असेल. लोक पैसे देतात ते माहितीचे आणि निस्तरण्याचे.

एक साधे उदाहरण. चार ज्येष्ठ नागरिक काशीला निघाले आहेत. मुलगा फोनवरून चौघांचे एकच तिकीट काढतो, आणि दोघांना वरचा बर्थ येतो. मग गुडघेदुखीचे आजोबा टीसीच्या विनवण्या करत बसतात. खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच पात्र प्रवासी असतील तर लागू होतो, हे माहीत असलेला एजंट दोन-दोन जणांची वेगळी तिकिटे काढतो. पुरुषांसाठी यासाठीचे वय ६० आणि स्त्रियांसाठी ४५ आहे, हेही त्याला ठाऊक असते. (ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे मात्र त्याला दर आठवड्याला कुणाला तरी नव्याने सांगावे लागते.)

दुसरे उदाहरण खास आपल्याकडचे. लग्नानंतर आडनावच नव्हे, कधी कधी नावही बदलण्याची आपली रीत. पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि घरात हाक मारायचे नाव तिसरेच. विमानाचे तिकीट हस्तांतरित होत नाही. स्पेलिंगमधली किरकोळ दुरुस्ती कंपन्या करून देतात, पण संपूर्ण नाव बदलून मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक व्हिसावर एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टधारकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा दुबईला निघालेल्या अनेकांना आपल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, हे प्रथमच कळले. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मावशींचे तिकीट एका ओळखीच्या एजंटाने फोनवर ऐकलेल्या नावाने काढले होते. विमानतळाच्या दारातून त्या परतल्या आणि नव्या तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे, यावरून दोन घरांतील वीस वर्षांचा स्नेह संपला. पासपोर्टची प्रत हातात आल्याशिवाय एकही अक्षर टंकायचे नाही, ही शिस्त या धंद्यात पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते.

छोट्या सहलींचे गणित

ज्यांना या जोडधंद्यात खरोखर चार पैसे मिळतात, ते बहुतेक जण तिकिटांवरून छोट्या गटसहलींकडे वळलेले असतात. महाराष्ट्राला याची परंपरा आहे. केसरी टूर्ससारखी कंपनी १९८४ मध्ये सुरू झाली. मराठी माणसाला सोबत मराठी माणसे, मराठी जेवण आणि पुढचे सगळे पाहणारा टूर मॅनेजर लागतो, हे अशा कंपन्यांनी ओळखले. हेच तत्त्व सोसायटीच्या पातळीवर अष्टविनायकाला लागू पडते.

अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, महड व पाली रायगडात आणि सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात. यात्रेचा रूढ क्रम मोरगावपासून सुरू होऊन मोरगावलाच संपतो. दोन दिवसांच्या सहलीत तो पाळणे जमत नाही आणि हे गटातील आजींना निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे, नाहीतर वाटेत वाद ठरलेला. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत. कुणाला झेपतील, याची विचारणाही आधीच करावी.

समजा, १५ जणांचा गट आहे आणि प्रत्येकी ४,५०० रुपये आकारले. जमा झाले ६७,५०० रुपये. वाहन, चालकाचा भत्ता आणि टोल मिळून २२,००० रुपये धरू. मुक्काम व जेवणखाण प्रत्येकी १,६०० प्रमाणे २४,००० रुपये आणि किरकोळ खर्च २,५०० रुपये. उरले १९,०००. पन्नास रेल्वे तिकिटांच्या १,४०० रुपयांशी याची तुलना केली की फरक कळतो. पण आदल्या रात्री दोघे जण आजारपणामुळे गळाले आणि शेजारधर्म म्हणून त्यांचे पूर्ण पैसे परत केले, तर वाहनाचे भाडे कमी होत नाही. वाचतो तो फक्त त्या दोघांच्या जेवण-मुक्कामाचा खर्च. उरतात १३,२००. चौघे गळाले तर ७,४००. म्हणून रद्द करण्याच्या अटी कागदावर लिहून, पैसे घेतानाच सही घेण्याला पर्याय नाही. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून सही घेण्याचा संकोच वाटतो. तो संकोच शेवटी दोघांनाही महागात पडतो.

वाहनाच्या बाबतीत तर कोणतीही तडजोड करू नये. मित्राची पांढऱ्या नंबरपाटीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून ती भाड्याने वापरणे हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे. अपघात झाल्यास खासगी वापरासाठीचा विमा अशा प्रवासाला लागू नाही, असे सांगून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र यांच्या प्रती पाहूनच गाडी ठरवावी.

पैसे अडकतात तेव्हा

एप्रिल ते जून हा काश्मीरचा हंगाम. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे पर्यटक होते. त्या रात्रीपासून राज्यभरातील छोट्या-मोठ्या एजंटांचे फोन अखंड वाजत राहिले. आधी आपली माणसे सुखरूप आहेत का, यासाठी आणि मग पुढच्या आठवड्यातील सहली रद्द करण्यासाठी. श्रीनगरमधील हॉटेलांना आगाऊ रक्कम गेलेली, हाउसबोटींचे पैसे भरलेले, विमानाची तिकिटे काढलेली. जाणाऱ्यांचा आग्रह पूर्ण परताव्याचा होता आणि तो माणुसकीला धरूनही होता. मोठ्या कंपनीला असा धक्का पचवता येतो. घरून काम करणाऱ्याच्या हातात कमिशनचे आठ-दहा हजार असतात आणि मागणी दोन-तीन लाखांची असते.

हा धंदा नवा असो की जुना, अशी वेळ काही वर्षांनी येतेच. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. त्याच वर्षी कॉक्स अँड किंग्ज ही जुनी प्रवास कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची सेवा बंद पडली आणि तिची तिकिटे आगाऊ काढून बसलेले एजंट अडकले. करोनाकाळात रद्द झालेल्या विमानप्रवासाच्या परताव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या निर्णयात, एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे कंपनीने परत केल्यावर एजंटाने ते प्रवाशाला ताबडतोब द्यावेत, असे स्पष्ट करण्यात आले. एरवीही एजंटामार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान कंपनीवर असते. मात्र प्रवासी कंपनीकडे जात नाही. तो जिना उतरून तुमच्या दारात येतो.

कायदाही त्याच्या बाजूने आहे. पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येतो. सहल स्वतःच्या नावाने विकली असेल, तर 'हॉटेलवाल्याने फसवले' हा बचाव जिल्हा ग्राहक आयोगापुढे फारसा टिकत नाही. त्यामुळे पावती कुणाच्या नावाने जाते, हा या जोडधंद्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एखाद्या प्रस्थापित कंपनीचे विक्री प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्याने ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊच नयेत, ते थेट कंपनीच्या खात्यात भरून कंपनीची पावती द्यावी. कमिशन थोडे कमी मिळाले तरी रात्रीची झोप शाबूत राहते. स्वतः सहली नेणाऱ्याने ग्राहकांच्या आगाऊ रकमेसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे. घरखर्चाच्या खात्यात लोकांचे पैसे मिसळले की पुढच्या सहलीच्या पैशांतून मागच्या सहलीची देणी भागवण्याचे चक्र सुरू होते. बुडालेल्या अनेक यात्रा कंपन्यांची कहाणी याच चक्रापाशी येऊन थांबते.

कागदपत्रे आणि कर

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे, तिच्याविना व्यवसाय करता येतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार एकट्याने चालवलेल्या कामाला पूर्वीसारखी गुमास्ता नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्यांना नमस्कार करावा.

जीएसटीच्या बाबतीत मात्र गफलत होते. सेवा व्यवसायासाठी वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. कमिशनवर काम करणाऱ्याची उलाढाल म्हणजे त्याचे कमिशन, त्यामुळे तो सहसा या मर्यादेच्या आत राहतो. पण स्वतःच्या नावाने सहल विकणाऱ्याची उलाढाल म्हणजे सहलीची पूर्ण रक्कम. वरच्या उदाहरणातील अष्टविनायकाच्या ३० सहली केल्या की आकडा २०,२५,००० वर जातो, मग हातात काही का उरेना. कमिशनवर कंपनीने कापलेला टीडीएस विवरणपत्र भरताना दाखवावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्याने ग्राहकाकडून टीसीएस गोळा करण्याची तरतूद ऑक्टोबर २०२० पासून आहे. तिचे दर व मर्यादा वारंवार बदलल्या असल्याने दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला सनदी लेखापालाला विचारून घेणे शहाणपणाचे.

सरकारी नोकरांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ नुसार शासनाच्या परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. 'पत्नीच्या नावाने' हा रूढ मार्गही वाटतो तितका निर्धोक नाही. कुटुंबीयांच्या व्यवसायाची माहिती द्यावी लागते आणि त्यासाठी कार्यालयात गिऱ्हाईक गोळा करणे नियमात बसत नाही. खासगी नोकरीत असलेल्यांनी नियुक्तिपत्रातील बाह्य व्यवसायाचे कलम पुन्हा एकदा वाचावे.

दोन हात दूर

काही कामे पर्यटनाच्या शेजारची वाटतात, पण त्यांना वेगळा परवाना लागतो. परदेशी चलन बदलून देणे हे त्यातले एक. प्रवास विमा स्वतंत्रपणे विकणे हे दुसरे. सर्वांत धोकादायक म्हणजे आखातात नोकरीला पाठवणे. 'तिकीट-व्हिसा तुम्हीच करा, नोकरी आमच्याकडून' असा प्रस्ताव घेऊन कुणी आले, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी नसलेल्याने भरती करणे गुन्हा आहे, हे लक्षात ठेवून त्याला दारातूनच परत पाठवावे. केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांचेही तसेच. ती आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या अधिकृत संकेतस्थळावरूनच मिळतात. त्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवून यात्रेकरूंना गंडा घालण्याचे प्रकार दर हंगामात उघडकीस येतात. यजमानांचा आग्रह कितीही असला तरी एजंटाने त्यात मध्यस्थी करू नये.

शेवटी त्या योजना, ज्यांत प्रवास विकण्यापेक्षा 'एजंट होणे' विकले जाते. प्रवेश शुल्क भरा, स्वतःचे संकेतस्थळ मिळवा, आणखी चौघांना जोडा, असा त्यांचा ढाचा असतो. अमेरिकेत वायटीबी नावाच्या कंपनीने हे मोठ्या प्रमाणावर केले. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने २००८ मध्ये तिच्यावर दावा लावला. २००७ या वर्षात तिच्या एजंटांपैकी ३८ टक्क्यांनाच प्रवास विक्रीतून काही कमिशन मिळाले, आणि ज्यांना मिळाले त्यांचीही मध्यक वार्षिक कमाई ३९ डॉलर होती, म्हणजे संकेतस्थळाच्या एका महिन्याच्या शुल्काहूनही कमी, असे राज्याचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी कंपनीने दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या थेट विक्री नियमांनी अशा कंपन्यांना प्रवेश शुल्क घेण्यास आणि पिरॅमिड योजना चालवण्यास मनाई केली आहे. तरीही हॉटेलच्या सभागृहात चहा-बिस्किटांसह होणारी 'सेमिनार' थांबलेली नाहीत. तिथे गेलात, तर आपले कमिशन नव्या माणसाच्या भरतीवर मिळणार की प्रत्यक्ष विकलेल्या तिकिटावर, एवढे विचारून पाहा आणि उत्तर लेखी मागा.